वाट पाहणारे मित्र

टोरांटोत वाढला असाल, तर 'रश' या रॉक बँडचा ड्रमर नील पिअर्ट तुम्हाला नवा नसेल. बँडची बहुतेक गाणी त्यानंच लिहिली. ऑगस्ट १९९७ मध्ये त्याची १९ वर्षांची मुलगी मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांनी कर्करोगानं पत्नी गेली. मला निवृत्तच समजा, असं सोबत्यांना सांगून तो मोटरसायकलवर निघाला आणि सुमारे ८८,००० किलोमीटर फिरला. सोबत्यांनी घाई केली नाही. २००२ मध्ये त्या प्रवासाचं पुस्तक 'घोस्ट रायडर' आलं आणि बँडचा नवा अल्बमही.

आपल्याकडे दुःखाच्या घरी पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत. शेजारी ताट पोचवतात. तुमच्या ओळखीत यंदा असं घर असेल, तर ताट घेऊन जरूर जा. कार्यक्रमाला येण्याचा आग्रह मात्र नको. वाट पाहा.