होज पाइपचे ओझे आणि ‘पाय’चा हिशेब

आग विझवण्यासाठी आपल्याकडे अग्निशमन दल प्रामुख्याने ६३ मिलिमीटर व्यासाचा होज पाइप वापरते. ३८ मिलिमीटरचा बारीक पाइपही असतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे ‘पाय’ (सुमारे ३.१४) गुणिले त्रिज्येचा वर्ग. त्यामुळे व्यास पावणेदोन पटही नसताना जाड पाइपचे तोंड पावणेतीन पट भरते. त्यातून पाणी भरपूर मिळते, पण वजनही त्याच हिशेबाने वाढते. १५ मीटर लांबीच्या जाड पाइपात सुमारे ४७ लिटर, म्हणजे ४७ किलो पाणी मावते; बारीक पाइपात १७ किलो. धुराने भरलेल्या जिन्यातून जवानांना हे ओझे ओढत न्यावे लागते. शिवाय पाणी भरलेला पाइप ताठ होतो, त्याला वळायला जागा लागते. म्हणूनच जिन्यात सायकली, चपलांची कपाटे नकोत.