सूर लहानपणीच लागतो

भास्करबुवा बखले यांचं नाव आज आपण घेतो ते गायनाचार्य म्हणून. पण बुवांचं गाणं लोकांनी पहिल्यांदा ऐकलं ते मैफिलीत नव्हे, नाटकात. बडोद्याकडचा हा गोड गळ्याचा मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत आला आणि ‘रामराज्यवियोग’मध्ये कैकेयी झाला. पुढे वयानुसार आवाज फुटला आणि स्त्रीभूमिका संपल्या. मुलगा कंपनीतून बाहेर पडला, आधी फैज महंमद खाँ, मग नत्थन खाँ, मग अल्लादिया खाँ यांच्याकडे वर्षानुवर्षं शिकला, आणि पुन्हा रंगभूमीकडे आला तो गुरू होऊन. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीच्या ‘स्वयंवर’ला त्यांनी चाली दिल्या. बालगंधर्वांच्या गळ्यातून त्या चाली महाराष्ट्रभर पोचल्या. लहानपणी ज्या दारातून नाइलाजाने बाहेर पडावं लागलं, त्याच दाराशी एवढं मोठं दान घेऊन परत येणारा माणूस नाटकावर किती जीव टाकत असेल!

आपल्या संगीत रंगभूमीचा इतिहास नाटककारांच्या आणि कंपन्यांच्या नावांनी सांगायची रीत आहे. ती बरोबरच आहे. मला मात्र तो मुलांच्या बाजूने पाहावासा वाटतो. कारण ही कला टिकली ती लहानपणी तिचं वेड लागलेल्या माणसांमुळे. त्यातले काही रंगमंचावर होते, बहुतेक समोर चटईवर बसलेले होते. आणि जेव्हा जेव्हा तिची गळती सुरू झाली, तेव्हा मुलांसाठीचं दार आधी बंद झालेलं होतं.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. त्याआधी १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून नाटकात गाणं होतंच, पण ते बहुतांशी सूत्रधाराच्या तोंडी. किर्लोस्करांनी ते पात्रांच्या तोंडी दिलं. शकुंतला स्वतः गाऊ लागली, दुष्यंत स्वतः गाऊ लागला. आणि चाली कुठल्या? साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत. कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी मुलखातल्या. म्हणजे घरात आजीच्या तोंडी आणि देवळात हरिदासाच्या तोंडी जे ऐकलं, तेच दिव्यांच्या उजेडात, भरजरी वेषात पुढे उभं राहिलं. प्रौढ प्रेक्षकाला त्यात कालिदास दिसला असेल. मुलाला आपलंच गाणं राजाच्या तोंडी ऐकू आलं.

दोन वर्षांनी, १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं. मुलाला नाटकाची गोडी लावायला याहून चांगलं नाटक मराठीत झालेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. भांडण लावणारा नारद, संन्याशाचा वेष घेतलेला अर्जुन, सगळं जाणून गालात हसणारा कृष्ण, तापट बलराम आणि सुभद्रेला झोपेतच उचलून नेणारा घटोत्कच. गोष्ट इतकी सरळ की आठ वर्षांच्या मुलालाही समजते, आणि गंमत अशी की रंगमंचावरच्या अर्ध्या पात्रांना जे ठाऊक नाही ते त्या मुलाला ठाऊक असतं. शेजारच्याला कोपराने ढोसून तो सांगतो, ‘तो संन्यासी नाहीये, अर्जुन आहे!’ नाटकाशी त्याचं नातं तिथेच जुळतं.

मी ‘सौभद्र’ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पदांतले निम्मे शब्द मला कळले नव्हते. कळायची गरजही भासली नाही. बोलता बोलता नट जरा थांबतो, ऑर्गनवाला सूर धरतो, तबलजी हात सावरून बसतो, आणि एका क्षणात सगळं नाटकगृह बदलतं. आता गाणं येणार, हे मुलाला शब्दांच्या आधी कळतं. ‘स्वयंवर’ लिहिणाऱ्या खाडिलकरांची संस्कृतप्रचुर पदं मुलांना कशी झेपणार, असा प्रश्न हल्ली पालक विचारतात. त्यांना माझं उत्तर एवढंच की तुम्हाला तरी ती आधी कानानेच झेपली. अर्थ नंतर, कधी कधी वीस वर्षांनी येतो, आणि आला की त्याच्यासोबत तो ऑर्गनचा सूरही येतो.

आता रंगमंचावरच्या मुलांकडे वळतो. केशवराव भोसले १८९० साली कोल्हापुरात जन्मले. वडील लवकर गेले, घरची गरिबी, आणि अगदी कोवळ्या वयात हा मुलगा स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. देवलांच्या ‘शारदा’मध्ये तो शारदा झाला. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या अजाण मुलीचं दुःख गाणारं ते मूल स्वतःच अजाण होतं. प्रेक्षक हेलावून जात यात नवल नाही. १९०८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षात, त्यांनी हुबळीला स्वतःची ‘ललितकलादर्श’ कंपनी काढली. १९२१च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. एकतीस वर्षांच्या आयुष्यात रंगभूमीबाहेर काढलेली वर्षं हाताच्या बोटांवर मोजावीत.

दीनानाथ मंगेशकर गोव्यातल्या मंगेशीचे. देवळाच्या आवारात गाणं ऐकत वाढलेला हा मुलगा किशोरवयात किर्लोस्कर मंडळीत आला आणि १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह ‘बलवंत संगीत मंडळी’ काढून बसला. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरही बालनट म्हणूनच आधी लोकांसमोर आले. सातारा जिल्ह्यातले सौदागर गोरे दहाएक वर्षांचे असताना ‘बालमोहन’मध्ये आले आणि पुढे छोटा गंधर्व झाले. धारवाडकडे पाहा: मल्लिकार्जुन मन्सूर लहानपणी वामनराव मास्तरांच्या कानडी कंपनीत गात होते, आणि त्यांचे पुढचे गुरू नीलकंठबुवा यांनी त्यांना तिथेच हेरलं.

मुलींची गोष्ट कमी सांगितली जाते, म्हणून इथे जरा थांबतो. गोव्यातल्या कुर्डी गावची मोगूबाई आईच्या धडपडीमुळे लहानपणीच चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत गेली. ध्रुव, प्रल्हाद अशा भूमिका तिने केल्या. आई गेली, पोर एकटी पडली. पुढे ती सातारकर स्त्री संगीत मंडळीत आली. पुरुष स्त्रीपार्ट करत होते त्याच काळात या मंडळीत सगळ्या भूमिका बायकाच करत. तिथूनही बाहेर पडावं लागल्यावर सांगलीत तिचा रियाज अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी पडला. मोगूबाई कुर्डीकर घडल्या त्या अशा, आणि त्यांच्यापासून किशोरी आमोणकर. जयपूर घराण्याच्या या धाग्याचं एक टोक नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात आहे.

हे सगळं सोनेरी नव्हतं, हेही स्वच्छ सांगितलं पाहिजे. कंपनीतल्या मुलाची शाळा सुटायची. सकाळी तालीम, दुपारी पंगत, रात्री नाटक, आणि मुक्काम हलला की पुन्हा बैलगाडी नाहीतर आगगाडी. राम गणेश गडकरी किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा त्यांनी कंपनीतल्या मुलांना शिकवायचं काम केलं. ‘एकच प्याला’ लिहिणारा मास्तर लाभलेली ती मुलं नशिबाचीच. पण आवाज फुटलेल्या आणि भास्करबुवांसारखी वाट न सापडलेल्या किती मुलांची नावं आज कुणालाच ठाऊक नाहीत. चिंतामणरावांचं ‘बहुरूपी’ आणि गणपतराव बोडसांचं ‘माझी भूमिका’ वाचताना त्या कंपनी-जीवनाचं सुखदुःख दोन्ही दिसतं. तो काळ परत यावा असं मी म्हणणार नाही. मुलांचं बालपण खर्ची घालून चालणारी व्यवस्था गेली ते बरंच झालं. दुःख वेगळं आहे: तिच्या जागी मुलांसाठी दुसरं फारसं काही उभं राहिलं नाही.

म्हणजे गोवा सोडून. गोव्यात देवळाचा उत्सव, जत्रा आणि नाटक एकमेकांपासून सुटलेली नाहीत. गावचाच शिक्षक अर्जुन, गावचाच दुकानदार बलराम, तालमी महिनाभर आधीपासून, आणि त्या तालमींना खिडकीत लटकून पाहणारी पोरं. नाटक सुरू व्हायला उशीर, संपायला पहाट. मुलं पुढे बसतात, दुसऱ्या अंकात झोपतात, घटोत्कच आला की जागी होतात. पुढच्या काही वर्षांत त्यांतलंच कुणी नारद होतं. मंगेशीचे दीनानाथ, मंगेशीचेच जितेंद्र अभिषेकी, शिवाय रामदास कामत असे गळे एवढ्याशा मुलखातून येतात, यामागे ही पुढची रांग आहे. पणजीची कला अकादमी आजही संगीत नाटकांची स्पर्धा भरवते आणि गावोगावची मंडळं त्यात उतरतात.

आणि घरात नाटक असलेलं मूल कसं वाढतं ते दीनानाथांच्या कन्या लता मंगेशकर यांनी सांगितलेल्या आठवणीत दिसतं. जन्मनाव हेमा, वडिलांनी ‘भावबंधन’मध्ये लतिकेची भूमिका केली, त्यावरून लता झाली. ‘सौभद्र’च्या एका प्रयोगाला नारदाचं काम करणारा नट आला नाही, तेव्हा नऊ वर्षांच्या या मुलीने ती भूमिका केली. कोणी तिला पदं शिकवायला बसलं नव्हतं. घरात रोज कानावर पडत होती, तेवढ्यावर निभावलं.

ओहोटी सुरू झाली ती बोलपटाने. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि थोड्याच वर्षांत कंपन्यांचे तंबू उठले. बलवंत मंडळीही चित्रपटाकडे वळली, खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त दिसले. १९४२च्या ‘कुलवधू’सारखी नाटकं आली, ज्योत्स्ना भोळे यांचं गाणं घराघरांत गेलं. पण मुक्काम करून गावाला महिनाभर नाटकांची मेजवानी देणारी कंपनी संपली. पुढच्या पिढीला वेड लागलं ते आकाशवाणीवरून. नाटक न पाहता नाट्यगीतं पाठ झालेली पहिली पिढी तीच.

साठचं दशक पुन्हा भरभराटीचं. १९६० मध्ये विद्याधर गोखले यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’, १९६३ मध्ये ‘मंदारमाला’, १९६४ मध्ये धी गोवा हिंदू असोसिएशनचं ‘मत्स्यगंधा’, १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’. चाली देताना अभिषेकीबुवांनी पदांची संख्या आटोपशीर केली, ‘मानापमान’-‘स्वयंवर’मधल्या पन्नासेक पदांच्या जागी मोजकी, कथेत मुरलेली पदं दिली. त्यामुळे कॉलेजातली मुलं आली. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था चालवताना आपल्या मुलींना लहानपणीच रंगमंचावर उभं केलं. कीर्ती शिलेदारांनी ते व्रत २०२२ मध्ये जाईपर्यंत सांभाळलं. मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ साली लिट्ल थिएटरतर्फे रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ आणलं आणि मुलांना गाणी-नाच असलेलं स्वतःचं नाटक मिळालं. ते शास्त्रीय अर्थाने संगीत नाटक नव्हे. तरी मे महिन्याच्या सुट्टीत नाटकगृहातला अंधार पहिल्यांदा अनुभवलेली कितीतरी मुलं तिथूनच मोठ्या नाटकाकडे वळली. ‘अलबत्या गलबत्या’ हे बालनाट्य २०१८ मध्ये पुन्हा आलं तेव्हा नाटकगृहं भरली, ती मुलांनीच. म्हणजे मुलं येत नाहीत ही तक्रार खोटी आहे. त्यांना बोलावलं जात नाही, हे खरं.

आज संगीत नाटकाच्या नावाने सर्वाधिक काय होतं? नाट्यगीतांच्या मैफिली. निवेदक, दोन गायक, बारा पदं आणि टाळ्या. गाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण याने मुलाला वेड लागणार नाही. सुभद्रा का रुसली आहे हे माहीत नसताना तिचं पद म्हणजे मुलाला एक लांबलेलं गाणं. पद उगवतं ते प्रसंगातून. त्या आधीचा वाद, तो थांबलेला श्वास, तो रोखलेला डोळा, हे सगळं कापून टाकलं तर राहतं ते चांगलं गायन, आणि त्यासाठी मुलाने नाटकगृहात का यावं? २०१५ मध्ये ‘कट्यार’वर चित्रपट आला तेव्हा शाळकरी पोरं खाँसाहेबांची पदं गुणगुणू लागली, कारण त्यांना पंडितजी आणि खाँसाहेबांचं वैर आधी दिसलं होतं. प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’त रंगमंचावर दोनच बायका, पण आवली आणि रखुमाई यांचं दुःख गाण्यातून पुढे सरकतं, म्हणून तरुण प्रेक्षक खिळून बसला. गोष्ट आणि गाणं एकत्र असलं की मूल येतं, बसतं, परत येतं.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं जुनं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी जळलं. त्या रात्री कोल्हापूरकर रस्त्यावर येऊन रडले. त्यांतल्या अनेकांनी पहिलं नाटक तिथेच पाहिलं होतं, आईबापांचं बोट धरून. वास्तू पुन्हा बांधता येते. तिच्यात पहिल्यांदा येणारं मूल आणावं लागतं, आणि ते काम सरकारचं नाही.

तेव्हा वाचकहो, विनंती साधी आहे. राज्य नाट्यस्पर्धेत, गोव्याच्या स्पर्धेत, पुण्यात १८९४ पासून उभ्या असलेल्या भरत नाट्य मंदिरासारख्या संस्थांत संगीत नाटकांचे प्रयोग होतात. तिकीटही फार नसतं. आपल्या घरातलं किंवा शेजारचं सात-आठ वर्षांचं मूल एका पूर्ण नाटकाला न्या. सुरुवात ‘सौभद्र’ने करा, नाहीतर ‘संशयकल्लोळ’ने, ‘एकच प्याला’ नंतर. आदल्या दिवशी गोष्ट सांगा. पुढच्या रांगेत बसा. मधे झोप लागली तर झोपू द्या, आणि पद कळलं का असं विचारू नका. संस्थाचालकांना एकच मागणं: हे प्रयोग रात्री साडेनऊला न लावता रविवारी दुपारी लावा, आणि पुढच्या वेळी नारदाची भूमिका एखाद्या गाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला देऊन पाहा.