निकालपत्रकातली रेघ छापताना जाते कुठे?

शिक्षक मित्रांनो, स्क्रीनवर तक्ता आखलेला दिसतो आणि प्रिंट मात्र बिनरेघांची येते, असं तुमचंही झालं असेल. माझी तर ऐन निकालाच्या आदल्या दिवशी चाळीस पानं वाया गेली. प्रिंट प्रिव्ह्यू पाहिला नव्हता, चूक माझीच.

वर्डमध्ये फिकट तुटक दिसते ती ग्रिडलाइन. ती कागदावर उतरत नाही. छापली जाते ती बॉर्डर. इन्सर्टमधून नवा तक्ता घेतला की त्याला 'टेबल ग्रिड' ही स्टाइल आपोआप लागते, म्हणून अर्ध्या पॉइंटची काळी रेघ न मागता मिळते.

बॉर्डर ठरवताना वर्ड आधी सेलची स्वतःची सूचना बघतो. ती नसेल तर तक्त्याची, तीही नसेल तर स्टाइलची. घरात मुलानं काही ठरवलं नसेल तर मोठ्यांचं चालतं, तसंच!

पण सेलनं गप्प असणं वेगळं आणि त्याला 'नो बॉर्डर' सांगून ठेवलेलं असणं वेगळं. स्टाइलमध्ये नंतर रेघ घातली तर गप्प सेल ती घेतो, दुसरा घेत नाही. मग तुम्ही स्टाइलमध्येच चूक शोधत बसता. अशा वेळी सरळ पूर्ण तक्ता निवडा आणि बॉर्डर्समधून 'ऑल बॉर्डर्स' द्या.