नवस फळल्याचं कोण सांगतं?



आज प्रश्न एकच घेऊ. आपण देवाकडे काही मागतो आणि ते मिळतं. ते मागितल्यामुळे मिळालं, हे कशावरून ठरवायचं? देव आहे की नाही हा वेगळा प्रश्न आहे, त्याच्याकडे नंतर येऊ. लोक हे दोन प्रश्न एकत्र करतात आणि मग नुसती भांडणं होतात.

मी रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबं आहेत. घराबाहेर हिंदी-छत्तीसगढी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. मंगळवारी-शनिवारी मारुतीच्या देवळात गर्दी असते, आणि त्या गर्दीतली निम्मी माणसं मला नावानिशी ओळखतात. तेव्हा आजचा भाग पाहून कोण काय म्हणेल याची मला कल्पना आहे.

महाराष्ट्रात आपण नवस बोलतो आणि काम झालं की फेडतो. इथली रीत जरा निराळी. चैत्र आणि आश्विन, दोन्ही नवरात्रांत छत्तीसगडातल्या देवीच्या मंदिरांत मनोकामना ज्योत लावतात. रतनपूरची महामाया, डोंगरगडची बमलेश्वरी, आमच्या रायपूरच्या पुरानी बस्तीतली महामाया. आधी पैसे भरायचे, तेलाच्या ज्योतीचे वेगळे, तुपाच्या ज्योतीचे वेगळे. पावती मिळते आणि नऊ दिवस, नऊ रात्री आपल्या नावाचा कलश तेवत राहतो. मोठ्या मंदिरांत अशा हजारो ज्योती ओळीने मांडलेल्या असतात. दारातून आत शिरलं की आधी उष्णता अंगावर येते, मग डोळे दिपतात. ते दृश्य सुंदर आहे, आणि मी दरवर्षी पाहायला जातो.

पण माझं लक्ष त्या पावतीकडे असतं. तिच्यावर नाव असतं, क्रमांक असतो. काय मागितलं ते नसतं. आणि वर्षभराने ते मिळालं का, हे विचारायला कुणी येत नाही. हजारो लोकांनी मागितलं याची नोंद पक्की आहे, कितीजणांना मिळालं याची नोंदवहीच नाही.

मी तोफखान्यात होतो. फायरिंग रेंजवरचा सराव संपला की हिशेब द्यावा लागतो. किती गोळे डागले, किती निशाण्यावर पडले, किती भरकटले, किती फुटलेच नाहीत. फक्त लागलेले गोळे लिहायचे आणि चुकलेले सोडून द्यायचे असं ठरवलं, तर जगातली कुठलीही गंजकी तोफ अचूक ठरेल.

हा मुद्दा माझा नाही, फार जुना आहे. ग्रीसमध्ये डायागोरस नावाचा एक नास्तिक होऊन गेला, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात. रोमन लेखक सिसेरोने त्याची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. एका मित्राने त्याला देवळात नेलं आणि भिंतीवरची चित्रं दाखवली. समुद्रात वादळात सापडलेल्या, देवाला साकडं घातलेल्या आणि सुखरूप परतलेल्या लोकांनी ती लावली होती. इतका पुरावा पाहून तरी देव मान, असं मित्राचं म्हणणं. डायागोरसने एवढंच विचारलं की ज्यांनी साकडं घातलं आणि तरी जे बुडाले, त्यांची चित्रं कुठे लावली आहेत?

बुडालेला माणूस चित्र लावायला येत नाही, सगळी मेख तिथे आहे. नवस फळल्याचं सांगणारे आपल्याला रोज भेटतात. ज्यांचा फळला नाही, ते गप्प बसतात किंवा जगात नसतात.

मी हे माझ्या गल्लीत पाहिलं. एप्रिल 2021. रायपुरात 9 तारखेच्या संध्याकाळपासून लॉकडाऊन लागला आणि 13 तारखेला चैत्र नवरात्र बसलं. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दोन घरांतले कर्ते पुरुष दवाखान्यात होते, दोघेही ऑक्सिजनवर. मंदिरात जाण्याची सोय नव्हती, म्हणून दोन्ही घरांनी घरातच अखंड ज्योत लावली. एक गृहस्थ मे महिन्यात घरी आले. दुसरे रामनवमीच्या आधीच गेले.

आज पहिल्या घरातली गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ आहे. हळदीकुंकवाला निघते, गणपतीत निघते, पाहुणे आले की निघते. ‘देवीनेच परत आणलं.’ दुसऱ्या घरातही ज्योत होती हे सांगायला कुणी उभं राहत नाही. ते सांगणं क्रूर वाटतं, मलाही वाटतं. पण त्यामुळे होतं काय, की गल्लीच्या आठवणीत एकच ज्योत उरते, आणि ती फळलेली.

याच्या जोडीला काळाचाही खेळ असतो. माणूस प्रार्थना कधी करतो? परिस्थिती अगदी तळाला गेली की. आणि तळाला गेलेल्या बऱ्याच गोष्टी पुढे आपसूक थोड्या वर येतात. ताप उतरतो, बाजार सावरतो, रुसलेला मुलगा फोन करतो. पावसासाठी बेडकांची लग्नं लावतात ती जूनच्या अखेरीस किंवा जुलैत, पाऊस लांबला म्हणून. नंतर पाऊस येतोच, कारण त्याचे दिवसच असतात. जानेवारीत ते लग्न लावून पाहायला कुणी तयार होत नाही.

आता फौजेतलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. जैसलमेरच्या पुढे सीमेवर तनोट मातेचं मंदिर आहे. सीमा सुरक्षा दल ते सांभाळतं. 1965 च्या युद्धात पाकिस्तानी तोफांनी या भागात हजारो गोळे डागले आणि मंदिराच्या आवारात पडलेले गोळे फुटलेच नाहीत, असं सांगतात. ते न फुटलेले गोळे मंदिरात मांडून ठेवले आहेत. ‘बॉर्डर’ सिनेमामुळे तर ही कथा घरोघरी पोहोचली.

गोळे खरे आहेत. प्रश्न आहे ते का फुटले नाहीत हा. न फुटलेल्या गोळ्याला फौजेत ‘ब्लाइंड’ म्हणतात. गोळ्याच्या टोकाला फ्यूज असतो. आपटून फुटणाऱ्या फ्यूजला काहीतरी टणक लागावं लागतं. थरच्या मऊ वाळूत गोळा रुतला, तिरपा घसरला, फ्यूज जुना किंवा सदोष असला, तर तो तसाच पडून राहतो. आमच्या रेंजवर प्रत्येक सरावानंतर ब्लाइंड शोधून नष्ट करणं हे ठरलेलं आणि जिवावरचं काम असतं. फ्रान्स-बेल्जियममधल्या शेतकऱ्यांना पहिल्या महायुद्धातले न फुटलेले गोळे आजही नांगरताना सापडतात. आणि दाखवायला ठेवता येतात ते न फुटलेलेच, फुटलेला गोळा मांडून ठेवता येत नाही. पुन्हा डायागोरसच्याच भिंतीपाशी आलो आपण.

तनोटजवळच लोंगेवाला आहे. 4 आणि 5 डिसेंबर 1971 च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि पंजाब रेजिमेंटची त्यांची कंपनी तिथे रणगाड्यांसमोर टिकून राहिली. पाकिस्तानी रणगाडे वाळूत रुतले, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी ते टिपले. त्या रात्री ठाणं न सोडणाऱ्या माणसांचं श्रेय कमी व्हावं, असं मला तरी वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, साहेब, ही सगळी किस्सेबाजी झाली, नीट मोजून पाहिलंय का कुणी? पाहिलंय. 1872 मध्ये इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टनने एक साधा हिशेब मांडला. तिथल्या चर्चमध्ये दर रविवारी राजाच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना होते, तर मग राजघराण्यातली माणसं जास्त जगायला हवीत. वयाची तिशी ओलांडलेल्या पुरुषांचे आकडे त्याने पाहिले. राजघराण्यातले सरासरी 64 वर्षं जगले, जमीनदार वर्गातले 70, पाद्री 69 च्या आसपास. सुखवस्तू वर्गांत राजेच सगळ्यात आधी गेले. हा काही निर्णायक पुरावा नव्हे, राजांची जीवनशैलीही पाहायला हवी. पण गाल्टनची दुसरी कोपरखळी मला जास्त आवडते: विमा कंपन्या सगळं विचारतात, पण तुम्ही प्रार्थना करता का हे विचारत नाहीत. धंद्यात त्याने फरक पडत असता तर विचारलं असतं.

1988 मध्ये अमेरिकेत रँडॉल्फ बर्ड या डॉक्टरने 393 हृदयरुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रार्थना झालेल्या गटाला थोडा फायदा दिसला म्हणून त्याचा खूप गाजावाजा झाला. पण त्याने दोन डझनांहून जास्त गोष्टी मोजल्या होत्या आणि फरक थोडक्यांतच होता. मृत्यूंच्या संख्येत फरक नव्हता. इतक्या गोष्टी मोजल्या की काहीतरी योगायोगाने जुळतंच.

मग 2006 मध्ये हर्बर्ट बेन्सन यांच्या चमूचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याला पैसा मुख्यतः टेंपलटन फाउंडेशनचा होता, म्हणजे धर्माविषयी आस्था असलेल्या संस्थेचा. सहा रुग्णालयं, बायपास झालेले 1802 रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. प्रत्यक्षात एका गटासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला सांगितलं की नक्की होणार, आणि झाली. शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांत गुंतागुंत किती जणांत? प्रार्थना झालेल्या गटात 52 टक्के, न झालेल्या गटात 51 टक्के. म्हणजे फरक नाही. आणि ज्यांना प्रार्थना होणार हे पक्कं माहीत होतं, त्यांच्यात 59 टक्के! ‘माझ्यासाठी प्रार्थना करावी लागतेय म्हणजे माझी अवस्था गंभीर असणार’ या धास्तीने ते झालं असावं, असा एक तर्क आहे. योगायोगही असेल. मी या 59 वर फार भर देत नाही. 52 आणि 51 पुरेसे आहेत.

आता कुणी विचारेल, श्रद्धेने कुणाचं नुकसान होतंय का? मागणाऱ्याला आधार मिळतो, तुमचं काय जातं?

त्या दुसऱ्या घरातल्या वहिनींनी दोन वर्षांनी एकदा मला जिन्यात थांबवून विचारलं, “भाऊजी, सातव्या रात्री माझा डोळा लागला होता. सकाळी पाहिलं तर वात अगदी मंद होती. मध्ये विझून गेली असेल आणि कुणी परत लावली असेल, तर त्यानेच झालं असेल का हो?”

दोन वर्षं त्या बाई हे मनात घेऊन जगत होत्या. मी पहिल्या घरी गेलो, गप्पांच्या ओघात विचारलं. तिथली ज्योत एकदा चक्क विझली होती, खिडकीच्या वाऱ्याने, आणि सूनबाईंनी कुणाला न सांगता पुन्हा लावली होती. मी ते वहिनींना येऊन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, चहा टाकायला आत गेल्या.

प्रार्थना ऐकली जाते असं मानलं, की न ऐकल्याचा जाब कुणाला तरी द्यावा लागतो. देव तर चुकत नाही. मग मागणाऱ्याची श्रद्धा कमी पडली, नियम मोडला, पूर्वजन्मीचं काही आडवं आलं. आणि हेही पुरलं नाही तर शेजारची एखादी एकटी बाई सापडते. आमच्या राज्यात तिला ‘टोनही’ म्हणतात. पोर आजारी पडलं, बैगाचा उपाय चालला नाही, की तिच्यावर खापर. 2005 मध्ये छत्तीसगडला टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर 2013 मध्ये मंजूर झाला. त्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात गोळ्या घालून खून झाला होता. देवाधर्माला आमचा विरोध नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, असंच ते सांगत आले होते.

तर मग देव? माझं मत विचाराल तर मागणं ऐकून कारभारात ढवळाढवळ करणारा देव मला कुठे दिसला नाही. एवढ्यावरून देवच नाही असं सिद्ध होत नाही, हेही मी मानतो. आपल्याकडे हा भेद दीडशे वर्षांपूर्वी स्पष्ट केला गेला. 1867 मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला. डॉ. आत्माराम पांडुरंग, पुढे न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण भांडारकर ही सगळी देव मानणारी माणसं. नावातच प्रार्थना. पण त्यांच्या तत्त्वांत लिहिलं होतं की प्रार्थनेने भौतिक फळ मिळत नाही, तिचं फळ आध्यात्मिक उन्नती एवढंच. त्याच्याही आधी तुकोबांनी नवसाने मूल होतं या समजुतीची यथेच्छ थट्टा केली आहे, आणि तुकोबांहून मोठा भक्त कुठला आणायचा?

नोकरीत असताना मी मंदिर परेडला कधी गैरहजर राहिलो नाही. फौजेत जवानांचा जो धर्म तोच त्यांच्या अधिकाऱ्याचा, अशी परंपरा आहे, आणि युनिटच्या सर्वधर्मस्थळात मी सगळ्यांबरोबर मांडी घालून बसलो आहे. गस्तीला निघण्याआधी पोरं दोन मिनिटं डोळे मिटायची. उघडल्यावर श्वास संथ झालेला असायचा, बुटांच्या नाड्या नीट तपासल्या जायच्या. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते नाकारणार नाही. आरती झाली की मी रेडिओची बॅटरी, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी मोजून घ्यायचो. पंडितजींनी कधी त्याचा राग मानला नाही. उलट एकदा पेटीत पट्ट्या कमी असल्याचं त्यांनीच मला दाखवलं होतं.

नाथूलाच्या बाबा हरभजनसिंगांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. 1968 मध्ये गेलेल्या जवानाला फौजेने अनेक वर्षं रजा आणि रेल्वेत जागा का दिली, हा फार वेगळा आणि मजेशीर प्रश्न आहे. तो पुढच्या भागात घेऊ.