रायफलीचा नेम आणि गोळीचा मेळ

भोपाळ शहराच्या दक्षिण अंगास शाहपुऱ्याचे तळे आहे. तळ्याकाठी आता दाट वस्ती झाली आहे. परंतु तेथून थोड्याच अंतरावरील कलियासोत आणि केरवा परिसराच्या टेकड्यांत आजही वाघाचा वावर आहे. संस्थानी काळात या मुलखात शिकारीचा मोठा शौक होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या शौकास आळा घातला आणि रायफलीची विद्या जंगलातून नेमबाजीच्या मैदानावर आली. मार्च २०२३ मध्ये भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत विश्वचषक स्पर्धाही भरली. मात्र शिकाऱ्यापुढे जो प्रश्न होता, तोच खेळाडूपुढेही उभा असतो. जेथे नेम धरला, तेथेच गोळी जाऊन बसेल काय?

हा प्रश्न केवळ कौशल्याचा नाही. कुमाऊंमधील चंपावतची नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारली. तिने ४३६ माणसांचे बळी घेतल्याची नोंद त्यांनी केली आहे. तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले आणि त्याचे कारण जुन्या गोळीची जखम हे होते. नैसर्गिक भक्ष्य पकडणे अशक्य झाल्यामुळे ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष होता. कोणाची तरी एक गोळी दोन-चार इंच चुकली, तर त्याची किंमत किती जणांना मोजावी लागते, हे यावरून ध्यानी येईल.

नवी रायफल आणली म्हणजे तिचा नेम आपोआप बरोबर असतो, हा समज चुकीचा आहे. नेम धरणाऱ्याची दृष्टी सरळ रेषेत जाते. गोळी मात्र नळीबाहेर पडताच पृथ्वीच्या ओढीने खाली झुकू लागते. पॉइंट बावीस बोअरची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असून सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते. ५० मीटर जाण्यास तिला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो आणि तेवढ्या अवधीत ती सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. म्हणून नळीचे तोंड दृष्टिरेषेपेक्षा किंचित वर ठेवावे लागते. दृष्टिरेषा आणि गोळीचा मार्ग ठरावीक अंतरावर एकत्र यावेत, अशी माशी व मागची खाच बसविणे, यालाच नेम जुळविणे म्हणतात.

हे काम खांद्याच्या बळावर करावयाचे नसते. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर टेकवावी, प्रथम जवळच्या कागदावर आणि मग नेहमीच्या अंतरावर गोळ्या झाडाव्यात. एका गोळीवरून निर्णय घेऊ नये. तीन ते पाच गोळ्यांचा पुंजका पाहावा आणि त्याचा मध्य धरून मागची खाच सरकवावी. पुंजका खाली पडत असेल तर खाच वर चढवावी, डावीकडे पडत असेल तर उजवीकडे न्यावी. माशी हलविणार असल्यास याच्या नेमके उलट करावे. १०० मीटर अंतरावर कोनाच्या एका कलेचा फरक, म्हणजे अंशाचा साठावा भाग, गोळीला सुमारे २९ मिलिमीटर बाजूस नेतो. तापलेल्या नळीची गोळी थंड नळीच्या गोळीपेक्षा वेगळ्या जागी पडू शकते, म्हणून दोन पुंजक्यांमध्ये नळी निवू द्यावी. शिकाऱ्याला तर थंड नळीची पहिली गोळीच महत्त्वाची. तिची परीक्षा वेगळी घ्यावी.

परंतु गोळ्यांचा पुंजकाच विस्कळीत पडत असेल, तर खाच कितीही सरकवून उपयोग नाही. पुंजक्याची जागा खाचेने बदलते, त्याची व्याप्ती नव्हे. हात स्थिर असूनही गोळ्या विखुरत असतील, तर रायफल आणि काडतूस यांचा मेळ बसलेला नाही, असे समजावे. बार उडताच नळी कंप पावते. तिच्या आतील मळसूत्री चर गोळीला गिरकी देतात. गोळीचे वजन, तिची लांबी आणि दारूचा जोर त्या नळीस मानवला, तरच प्रत्येक गोळी सारख्या रीतीने बाहेर पडते. एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या दोन रायफलींनाही निरनिराळी काडतुसे मानवतात. महाग ते उत्तम, हा नियम येथे चालत नाही.

म्हणूनच स्पर्धेतील नेमबाज काडतुसांच्या पेटीवरील लॉट क्रमांक पाहतात. रायफल शिकंजात घट्ट बसवून निरनिराळ्या लॉटची काडतुसे ५० मीटरवर झाडतात, पुंजके मोजतात आणि ज्याचा पुंजका लहान, तोच लॉट वर्षभरासाठी घेऊन ठेवतात. एकाच लॉटमधील गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर गोळी जवळजवळ ८ मिलिमीटर वर किंवा खाली जाते. त्या लक्ष्यावरील दोन वर्तुळांमधील अंतरही ८ मिलिमीटरच असते. म्हणजे नेमबाजाचा काही दोष नसताना एक गुण जाऊ शकतो.

एका गुणाचे मोल पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये दिसले. ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या प्राथमिक फेरीत कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५९० गुणांसह सातवे स्थान मिळविले. भोपाळच्या अकादमीत तयार झालेले ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ गुणांवर अकराव्या स्थानी राहिले. अंतिम फेरीत आठच जणांना प्रवेश होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी कुसाळे यांनी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. एक वर्षापूर्वी हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत हेच दोघे सांघिक सुवर्णपदकाचे भागीदार होते. अशा तोडीच्या खेळाडूंत जेथे एका गुणाने वाट बंद होते, तेथे काडतुसांची निवड ही हौसेची बाब राहत नाही.

चाचणीसाठी काडतुसे खर्ची पडतात, वेळ जातो आणि पैसाही जातो. म्हणून तिची टाळाटाळ होते. परंतु पदकासाठी झटणारा खेळाडू असो, किंवा पिके उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरांसाठी वनखात्याची रीतसर परवानगी मिळालेला परवानाधारक असो, रायफलीचा स्वभाव त्याने आधी कागदावर ओळखून घेतला पाहिजे. काडतुसांचा प्रकार किंवा लॉट बदलला, खाचेला धक्का लागला, किंवा रायफल बरेच दिवस पडून राहिली, तर नेम पुन्हा तपासावा. कागदावर चुकलेली गोळी दुरुस्त करता येते. जिवंत प्राण्यावर चुकलेली गोळी परत आणता येत नाही.