ग्रीष्मान्तातील परसबाग आणि वृद्ध रुग्ण



खान्देशात आखाजीचा सण होऊन वैशाख सरत आला की घरोघरची वृद्ध मंडळी परसदारी दिसू लागतात. मृग लागण्यापूर्वी दोडके, गिलके, कारले, भोपळा यांची आळी तयार झाली पाहिजेत, कुंड्यांतील माती बदलली पाहिजे, शेणखत कालवून ठेवले पाहिजे, ही ओढ शेतीवर वाढलेल्या पिढीच्या अंगात मुरलेली आहे. शेत मुलांकडे गेले, घर जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या वसाहतीत आले, तरी ती ओढ दहा फूट अंगणात का होईना, आपली वाट काढते. मात्र हेच दिवस आपल्याकडे सर्वाधिक तापाचे असतात. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांवर पोहोचणे म्हणजे उष्णतेची लाट होय, आणि ४७ अंशांवर ती तीव्र लाट ठरते. आपल्या वृद्ध रुग्णांच्या बागकामाचा विचार चिकित्सक म्हणून करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

या विषयाकडे माझे लक्ष एका चुकीमुळे वेधले गेले. सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सारे नाना म्हणत, संधिवातासाठी माझ्याकडे नियमित येत असत. रक्तदाबासाठी त्यांना मूत्रल गोळी चालू होती. ज्येष्ठातील एका सकाळी साडेदहाच्या सुमारास ते दोडक्याच्या आळ्यापाशी बसून असंबद्ध बोलत असल्याचे घरच्यांना आढळले. त्यांना तातडीने रुग्णालयात हलविले आणि ते वाचले. नंतर मी त्यांचा केसपेपर काढून पाहिला. त्यावर आहार होता, निद्रा होती, मलप्रवृत्ती होती. रोज सकाळी हा मनुष्य तीन तास उन्हात कुदळ चालवितो, याची नोंद नव्हती, कारण मी ते कधी विचारलेच नव्हते.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. मुलाने काळजीपोटी कुदळ-खुरपे माळ्यावर टाकले आणि नानांना अंगणात उतरण्यास मनाई केली. दोन महिन्यांत अरुचि, अनिद्रा, मलावष्टंभ आणि गुडघ्यांचा वाढलेला ताठरपणा घेऊन ते पुन्हा माझ्यासमोर बसले. बाग बंद करणे हा उपाय नव्हे, हे तेव्हा मनावर ठसले. औषधाप्रमाणे बागेलाही काल आणि मात्रा ठरवून द्यावी लागते.

शास्त्राचा अभिप्राय

चरकांनी साठ वर्षांनंतरचे वय जीर्ण मानले आहे, तर सुश्रुतांनी ही मर्यादा सत्तरीनंतर ठेविली आहे. दोघांच्या मते या वयात वाताचे प्राबल्य असते. ग्रीष्म हा आदानकालाचा शेवट. या ऋतूत स्नेहांश व बल क्षीण होते, कफ घटतो आणि वाताचा संचय होतो. म्हणजे वयाने वातप्रधान असलेला मनुष्य वातसंचयाच्या ऋतूत, रूक्ष उष्ण वाऱ्यात श्रम करीत असतो. चरकांनी ग्रीष्मचर्येत व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, आणि वाग्भटांनी तर व्यायामास अयोग्य व्यक्तींच्या यादीत वृद्धांचा स्पष्ट उल्लेख केला आहे.

मग बागकामास अनुमती द्यावी कशी? याचे उत्तर श्रमाच्या स्वरूपात आहे. आळे खणणे, मातीची घमेली उचलणे, पाण्याने भरलेली बादली वाहून नेणे हा निःसंशय व्यायाम आहे आणि तो ग्रीष्मात वृद्धांनी करू नये. रोपांना झारीने पाणी घालणे, वाळलेली पाने खुडणे, वेलाला दोरीचा आधार देणे, बी निवडणे ही मात्र सौम्य शरीरचेष्टा आहे. तिने सांधे हलते राहतात, भूक लागते, मन रमते. पहिल्या प्रकारचे काम घरातील तरुणांकडे किंवा मजुराकडे सोपवावे आणि दुसरे वृद्धांकडे ठेवावे, ही विभागणी कुटुंबीयांसमोर बसून करून द्यावी.

काल आणि मात्रा

मेअखेरीस आपल्याकडे सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास होतो. तेव्हापासून साडेसातपर्यंतचा काळ बागेसाठी योग्य. आठनंतर अंगणात थांबू नये. सायंकाळी पाचला ऊन उतरले असे वाटते, परंतु फरशी, भिंती आणि पत्रे तापलेलेच असतात व त्यांची धग रात्रीपर्यंत टिकते. सायंकाळी जायचेच असेल तर सूर्यास्तानंतर, आणि तेही केवळ पाणी घालण्यापुरते.

मात्रेसाठी अर्धशक्तीचे लक्षण रुग्णास समजेल अशा शब्दांत सांगावे. कपाळावर, नाकावर, काखेत घाम येऊ लागला, तोंडाला कोरड पडली, तोंडाने श्वास घ्यावासा वाटू लागला, की काम जेथे असेल तेथे थांबवायचे. वीस मिनिटे काम आणि दहा मिनिटे सावलीत विसावा हे प्रमाण बहुतेकांना पेलते.

ओणव्याने काम करून एकदम उठल्यास भ्रम येतो. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांत हे विशेष आढळते. बुटक्या स्टुलावर बसून काम करावे आणि उठताना आधी क्षणभर सरळ बसावे. कुंड्या कमरेच्या उंचीच्या ओट्यावर मांडल्या तर वाकण्याचे बरेचसे कारणच उरत नाही.

श्रम कमी करण्याचे मार्ग आपल्या भागात नवे नाहीत. ठिबक सिंचनाचा प्रसार जळगावातून दूरवर झाला, आणि दहा-वीस कुंड्यांसाठीही लहान संच मिळतात. ते नको असेल तर न भाजलेल्या भोकांचा खटाटोप न करता साधे सच्छिद्र मातीचे मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. पाणी हळूहळू झिरपते. केळीची वाळलेली पाने किंवा पाचोळा मुळाशी पसरल्यास ओल टिकते. नळ एक-दोन दिवसांआड येणाऱ्या घरांत या युक्तींनी पाणीही वाचते आणि वृद्धांची कंबरही.

तृष्णा आणि जलपान

तृष्णा हा अधारणीय वेगांपैकी एक आहे. तिच्या धारणाने शोष, अंगसाद, बाधिर्य, संमोह, भ्रम आणि हृद्रोग होतात असे वाग्भट सांगतात. नानांच्या असंबद्ध बोलण्यात याच संमोहाचे रूप होते. वृद्धांत अडचण दुहेरी असते. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, आणि वारंवार लघवीला जावे लागू नये म्हणून कित्येक जण, विशेषतः स्त्रिया, पाणी जाणूनबुजून कमी पितात. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता बागेत जाण्यापूर्वी एक पेला आणि परतल्यावर एक पेला, असा नेम घालून द्यावा. वाळा घातलेले माठातील पाणी, धन्याचा हिम, सातूचा मंथ हे ग्रीष्मात प्रशस्तच आहेत. ताकाचा सल्ला देताना मात्र सुश्रुतांनी उष्णकाळी व दुर्बलांस केलेला निषेध ध्यानी ठेवावा.

येथे सरसकट सल्ला घातक ठरू शकतो. हृदय किंवा वृक्काच्या विकारात ज्यांना द्रवपदार्थांची मर्यादा घालून दिली आहे, त्यांना भरपूर पाणी प्या असे सांगू नये. मधुमेहींना साखर-गुळाचे पन्हे आणि रक्तदाबाच्या रुग्णांना मीठ घातलेले सरबत रोजचे पेय म्हणून सुचवू नये. मूत्रल औषध चालू असल्यास ते स्वतः बंद करण्यास न सांगता, देणाऱ्या डॉक्टरांशी उन्हाळ्यातील मात्रेविषयी बोलण्यास सांगावे.

उष्माघाताचा संशय आल्यास पन्हे पाजण्यात वेळ दवडू नये. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आणि बुद्धिविभ्रम, ही दोन लक्षणे एकत्र दिसली की ती आत्ययिक अवस्था आहे. घाम येत असला तरी उष्माघात नाकारता येत नाही. रुग्णास सावलीत आणावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, मान, काख व जांघेत ओल्या थंड घड्या ठेवाव्या आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत मृत्यूंचे प्रमाण फार वाढले होते. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून संरक्षणाचा कृती आराखडा आखला. अशा आराखड्यांत वृद्धांना अतिसंवेदनशील गटात धरले जाते. हाच विचार आपल्या ओपीडीत पोहोचला पाहिजे.

पादत्राण, छत्र आणि दंड

चरकांनी मात्राशितीय अध्यायात पादत्राण, छत्र व दंड यांच्या धारणाचे गुण सांगितले आहेत. दंड घसरणाऱ्यास आधार देतो, भय दूर करतो आणि आयुष्यास हितकर आहे, असा त्याचा आशय आहे. काठी घेण्यात कमीपणा मानणाऱ्या रुग्णास हा संदर्भ सांगून पाहावा, तो बहुधा ऐकतो.

मधुमेही वृद्धांच्या बाबतीत पादत्राणाचे महत्त्व अधिक. पायांची संवेदना मंद झालेला रुग्ण तापलेल्या फरशीवर अनवाणी उभा राहतो, भाजते तरी त्याला कळत नाही, आणि चार दिवसांनी तळव्याला फोड व व्रण घेऊन येतो. बागेतून आल्यावर पाय धुऊन तळवे आरशात पाहण्याची सवय लावावी. काट्याची किंवा खुरप्याची जखम झाल्यास ती स्वच्छ धुऊन धनुर्वात प्रतिबंधक लसीची चौकशी करावी. अनेक वृद्धांनी ती कित्येक वर्षांत घेतलेली नसते.

विटांचे ढीग, लाकडे आणि जुन्या कुंड्या यांखाली या दिवसांत विंचू असतात, आणि पहिल्या पावसानंतर सापही बाहेर पडतात. उघड्या हाताने काही उचलू नये. दंश झाल्यास चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता दंशित अंग स्थिर ठेवून रुग्णास प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात धाडावे. लाल विंचवाच्या दंशावर महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. तेथेही लवकर पोहोचणे हाच यशाचा पाया होता.

औषधालयचालकांसाठी

शार्ङ्गधरांनी सदैव आर्द्र अवस्थेत वापरावयाच्या द्रव्यांत गुडूची, कुटज, वासा, कूष्माण्ड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारिणी यांची गणना केली आहे. यांतील गुळवेल, अडुळसा, कोहळा, शतावरी आणि कोरांटी आपल्या वृद्धांच्या अंगणात सहज आढळतात. पावसाळ्याच्या तोंडाला गुळवेलीचे दोन पेरांचे तुकडे लावले तर ते चांगले जीव धरतात. रुग्णांच्या बागा अशा रीतीने आपल्या उपयोगी पडू शकतात, पण दोन गोष्टींची खात्री हवी.

पहिली गोष्ट ओळखीची. गुळवेलीमुळे यकृतास इजा झाल्याची प्रकरणे २०२१ साली मुंबईतून प्रसिद्ध झाली. त्यानंतर २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने गुडूची सुरक्षित असल्याचे स्पष्ट करतानाच, तिच्याशी साम्य असलेल्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीविषयी सावध केले. त्या वेलीच्या खोडावर बारीक गाठींसारखे उंचवटे असतात. रुग्णास घरची वेल खाण्यास सांगण्यापूर्वी तिचा तुकडा पानासह आणवून स्वतः पाहावा. ओळख पटलेली असली तरी यकृतविकाराचा इतिहास असणाऱ्यास ती विचारपूर्वकच द्यावी.

दुसरी गोष्ट कीटकनाशकांची. आपला भाग कपाशीचा. शेतातून उरलेली बाटली घरी येते आणि गुलाबावरील मावा मारण्यासाठी आजोबा तीच वापरतात, मग शेजारच्या तुळशीची पाने चहात पडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. घरच्या बागेत निंबोळी अर्कावर भागवावे, आणि फवारणी झालेल्या अंगणातील द्रव्य औषधालयाने स्वीकारू नये.

ऋतुसंधी

ग्रीष्मात संचित झालेला वात वर्षा ऋतूत प्रकुपित होतो. आषाढात कटिशूल आणि गुडघेदुखीचे वृद्ध रुग्ण वाढतात तेव्हा केवळ पावसाळी हवेला दोष न देता, ज्येष्ठात त्यांनी किती खणले हेही विचारावे. मृगाचा पहिला पाऊस पडला की लागवडीची एकच घाई उडते, आणि दोन महिने जपलेला मनुष्य एका दिवसात सारे काम उरकू पाहतो. ऋतूचे शेवटचे सात आणि पुढील ऋतूचे पहिले सात दिवस पूर्वीची चर्या हळूहळू सोडावी हा ऋतुसंधीचा नियम बागकामालाही लावावा. या काळात नित्य अभ्यंग, उष्ण जलस्नान आणि लघु आहार यांची योजना उपयुक्त ठरते.

आता माझ्या केसपेपरवर साठीपुढील प्रत्येक रुग्णासाठी चार प्रश्न छापलेले आहेत. बागेत किती वाजता जाता? तेथे कोणते काम स्वतः करता? पाणी केव्हा आणि किती पिता? पायांत काय घालता? विचारण्यास दोन मिनिटे पुरतात. नाना पुढील ज्येष्ठात पहाटे सहाला स्टुलावर बसून वेलांना दोऱ्या बांधीत होते, आणि आळी त्यांचा नातू खणीत होता. त्या वर्षीची पहिली गिलकी त्यांनी मला आणून दिली.