पदव्युत्तर प्रवेश परीक्षांचे स्कोअर कार्ड : आकलन आणि प्राप्ती

प्रस्तावना :
चंद्रपूर व गडचिरोली हे वनव्याप्त जिल्हे २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत. भद्रावतीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी पदवीचे शिक्षण घेणारे अनेक विद्यार्थी आपल्या कुटुंबातील पहिलेच पदवीधर असतात. पदवीनंतर आय.आय.टी., केंद्रीय विद्यापीठ, व्यवस्थापन संस्था किंवा परदेशी विद्यापीठ यांपैकी कोठेही जावयाचे झाल्यास त्यांना बहुतेक वेळा प्रवेश परीक्षेला सामोरे जावे लागते. परीक्षेच्या तयारीविषयी बरेच लिहिले व बोलले जाते. तथापि निकालानंतर हाती येणाऱ्या स्कोअर कार्डाचा अर्थ कसा लावावा आणि ते वेळेत कसे मिळवावे, याविषयी फारसे मार्गदर्शन होत नाही. परिणामी पात्र विद्यार्थीही स्वतःस अपात्र समजतो किंवा मुदत उलटून गेल्यावर जागा होतो. ही हानी टाळणे प्राध्यापकांच्या हाती आहे, या भूमिकेतून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

उद्दिष्टे :
१. स्कोअर कार्डावरील विविध संज्ञांचा अर्थ स्पष्ट करणे.
२. गेट परीक्षेच्या स्कोअरची रीत उदाहरणाने समजून घेणे.
३. स्कोअर कार्ड मिळविण्याची पद्धती व मुदत यांचा परिचय करून देणे.

विषय विवेचन :

१. गुण, पर्सेंटाइल आणि गुणानुक्रम
विद्यापीठाच्या गुणपत्रिकेमुळे आपल्याला टक्केवारीची सवय झालेली असते. ९५ टक्के म्हणजे १०० पैकी ९५ गुण. परंतु ९५ पर्सेंटाइल म्हणजे तसे नव्हे. समजा, एका सत्रात ८,००० उमेदवार बसले आणि त्यांपैकी ७,६०० जणांचे गुण आपल्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, तर त्याचे पर्सेंटाइल ९५ होईल. त्याचे प्रत्यक्ष गुण निम्म्याच्या आसपासही असू शकतात.

महाराष्ट्राची एम.बी.ए. सीईटी अनेक सत्रांत घेतली जात असल्याने ही रीत आवश्यक ठरते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते आणि काठिण्यपातळी तंतोतंत सारखी राखता येत नाही. म्हणून कठीण सत्रात २०० पैकी ११० गुण मिळविणारा विद्यार्थी सोप्या सत्रातील ११८ गुणांच्या विद्यार्थ्यापेक्षा पर्सेंटाइलमध्ये पुढे असू शकतो. यात अन्याय झाला अशी तक्रार विद्यार्थी करतात. वस्तुतः अन्याय टाळण्यासाठीच ही योजना आहे.

गुणानुक्रम केवळ स्थान दर्शवितो. दोन क्रमांकांमधील गुणांचे अंतर तो सांगत नाही.

२. गेटचा स्कोअर
गेट परीक्षा १०० गुणांची असली तरी तिचा स्कोअर १,००० पर्यंतच्या मापावर दिला जातो. त्यासाठी दोन आधारबिंदू घेतले जातात. खुल्या प्रवर्गाच्या पात्रता गुणांना ३५० स्कोअर दिला जातो. त्या पेपरमधील अग्रणी ०.१ टक्का किंवा अग्रणी १० उमेदवार, यांपैकी जी संख्या मोठी असेल तितक्या उमेदवारांच्या सरासरी गुणांना ९०० स्कोअर दिला जातो. इतर स्कोअर या दोन बिंदूंच्या प्रमाणात ठरतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खुल्या प्रवर्गाचे पात्रता गुण ३० आणि अग्रणी उमेदवारांची सरासरी ८५ आहे. या दोहोंतील अंतर ५५ गुणांचे असून त्यावर ५५० स्कोअर विभागला जातो; म्हणजे या पेपरमध्ये प्रत्येक गुणास १० स्कोअर. ५२ गुण मिळविणाऱ्याचा स्कोअर ३५० अधिक २२०, म्हणजे ५७० होईल.

आता आपल्या जिल्ह्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी पात्रता गुण खुल्या प्रवर्गाच्या दोन-तृतीयांश असतात. वरील उदाहरणात ते २० होतील. मात्र स्कोअर काढताना सर्वांसाठी खुल्या प्रवर्गाचेच पात्रता गुण आधार म्हणून घेतले जातात. त्यामुळे २४ गुण मिळविणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याचा स्कोअर ३५० वजा ६०, म्हणजे २९० येईल. हा विद्यार्थी परीक्षेत पात्र आहे. ३५० च्या खाली आलो म्हणजे नापास झालो, असा समज करून घेऊन त्याने प्रवेश प्रक्रियेपासून दूर राहू नये. कार्डावर प्रवर्गनिहाय पात्रता गुण छापलेले असतात. प्रथम तेच पाहावेत.

३. स्कोअर कार्डाची प्राप्ती व मुदत
गेटचे स्कोअर कार्ड टपालाने येत नाही. पात्र उमेदवाराने ते संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्यावयाचे असते. २०२४ व २०२५ च्या परीक्षांच्या वेळी ते ३१ मे पर्यंत विनामूल्य, तर १ जून ते ३१ डिसेंबर या काळात ५०० रुपये शुल्क भरून मिळत होते. त्यानंतर ते दिले जाणार नव्हते. स्कोअर तीन वर्षे ग्राह्य असला तरी कार्ड उतरवून घेण्याची मुदत त्याच वर्षी संपते, हा भेद लक्षात ठेवावा.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या सीयूईटी-पीजी परीक्षेचा स्कोअर केवळ त्याच शैक्षणिक वर्षासाठी उपयोगी पडतो. येथे कार्ड मिळाले म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे होत नाही. परीक्षा घेणारी संस्था समुपदेशन करीत नाही. प्रत्येक विद्यापीठाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. उत्तरसूचीवरील आक्षेपही अंतिम निकालापूर्वी ठराविक दिवसांतच शुल्क भरून घ्यावा लागतो. निकालानंतर पुनर्मूल्यांकनाची सोय नाही.

परदेशी शिक्षणासाठीच्या जी.आर.ई. परीक्षेची रीत निराळी आहे. ऑगस्ट २०११ पूर्वी तिचे दोन प्रमुख विभाग २०० ते ८०० या मापावर मोजले जात. आता ते १३० ते १७० या मापावर मोजले जातात. जुन्या मापाच्या आठवणीवरून सल्ला देऊ नये. हा स्कोअर पाच वर्षे ग्राह्य असतो. अधिकृत अहवाल परीक्षा संस्थेकडून थेट विद्यापीठास जातो. विद्यार्थ्याजवळची प्रत त्याची जागा घेऊ शकत नाही. परीक्षेच्या दिवशी चार ठिकाणी विनामूल्य अहवाल पाठविता येतो, म्हणून विद्यापीठांची निवड आधीच करून ठेवणे हिताचे असते.

४. महाविद्यालयाची भूमिका
भामरागड, एटापल्ली यांसारख्या तालुक्यांतील विद्यार्थी सुट्टीत गावी गेल्यावर इंटरनेटची खात्री देता येत नाही, आणि निकाल बहुधा याच काळात लागतात. म्हणून विभागाने परीक्षार्थींची यादी, निकालाचा काळ व अंतिम मुदती यांची नोंदवही ठेवावी. नोंदणीचा ई-मेल व मोबाईल क्रमांक विद्यार्थ्याचा स्वतःचा असावा, सेवा केंद्रचालकाचा नसावा; अन्यथा पासवर्ड हरवल्यास कार्डही दुरावते. ग्रंथालयातील एक संगणक व मुद्रणयंत्र या काळात उपलब्ध ठेवल्यास बराच प्रश्न सुटेल.

समारोप :
स्कोअर कार्ड विद्यार्थ्याचे सापेक्ष स्थान सांगते. त्याची योग्यता संपूर्णपणे सांगत नाही. ते समजून घेण्यासाठी कोणत्या मापावर, कोणाच्या तुलनेत आणि किती काळासाठी, हे तीन प्रश्न विचारावेत. हे प्रश्न विचारण्याची सवय पदवीच्या अंतिम वर्षाच्या वर्गातच लावली, तर कष्टाने मिळविलेली पात्रता केवळ माहितीअभावी वाया जाणार नाही.